गॅरेजच्या ताब्यात असताना गाडीचे नुकसान झाले तर

सर्व्हिसिंगला दिलेली मोटार परत घेताना दारावर नवा चरा दिसला, चार दिवसांनी चेंबरखाली ऑइलचा डाग पडू लागला किंवा मिस्त्रीने ट्रायलला नेलेली गाडी दुभाजकाला घासून आली, तर भरपाई कोणी द्यायची, बिल भरावे की अडवून धरावे, तक्रार पोलीस ठाण्यात करावी की ग्राहक आयोगात, हे प्रश्न वाहनमालकांसमोर वारंवार उभे राहतात. अंबड तालुक्यातील अंकुशनगरसारख्या, साखर कारखान्याभोवती वाढलेल्या वसाहतीत या प्रश्नांना आणखी एक पदर असतो. किरकोळ काम शहागड किंवा वडीगोद्रीच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे होते, कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपसाठी मात्र जालना, बीड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते, त्यामुळे एकीकडे ओळखीचा संकोच आड येतो आणि दुसरीकडे अंतर. गाडी दुसऱ्याच्या ताब्यात असताना तिला झालेल्या इजेचा हिशेब देण्याचे ओझे कायद्याने बऱ्याच अंशी ताबा घेणाऱ्यावर टाकलेले आहे. मात्र गाडी ताब्यात देताना ती कशी होती हे मालकाला दाखवता आले, तरच या तरतुदीचा उपयोग होतो. पुढील मार्गदर्शनात म्हणूनच नोंदींवर सर्वाधिक भर दिला आहे.

किल्ली देण्यापूर्वीची दहा मिनिटे

गाडी सर्व्हिसिंगला देण्याआधी ती साध्या पाण्याने धुऊन घ्यावी. गॅरेजमध्ये ती धुतली जाणारच असली, तरी गळीत हंगामात उसाच्या वाहनांनी उडवलेली धूळ आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल यांखाली जुने ओरखडे आणि पोचे झाकले जातात. ते गॅरेजमधल्या धुलाईनंतर उघडे पडले, की जुने कोणते आणि नवे कोणते हे दोघांपैकी कोणालाच सांगता येत नाही. त्यानंतर उजेडात गाडीभोवती एक संथ फेरी मारून अखंड चित्रफीत घ्यावी, ज्यात नंबर प्लेट, चारही बाजू, काचा, चाकांच्या रिम, दारांच्या खालची कड, डिकीतील स्टेपनी व जॅक, आणि इंजिन सुरू असताना मीटरवरील किलोमीटर, इंधनाचा काटा व पेटलेले दिवे स्पष्ट दिसतील. ही फीत ज्या फोनवर घेतली त्यातच मूळ स्वरूपात जपून ठेवावी, कारण संदेशातून पुढे पाठवलेल्या प्रतीत मूळ तारीख-वेळेचा तपशील बहुधा टिकत नाही.

दुसरा आधार जॉब कार्डचा. जॉब कार्ड म्हणजे गाडी कोणत्या अवस्थेत आली, मालकाने कोणती कामे सांगितली आणि अंदाजे खर्च किती येईल, याची गॅरेजने केलेली लेखी नोंद. अधिकृत वर्कशॉपमध्ये ते छापील असते आणि त्यावर गाडीची आकृती असते, ज्यावर जुने ओरखडे खुणेने दाखवायचे असतात. ही आकृती घाईत कोरी राहते किंवा सगळीकडे एकच मोघम खूण केली जाते. तिच्याकडे लक्ष देऊन ती आपल्यासमोर भरून घ्यावी आणि प्रत मागून घ्यावी. लहान गॅरेजमध्ये जॉब कार्डाची पद्धत नसेल, तर मिस्त्रीच्या व्हॉट्सॲपवर एवढा मजकूर पाठवणे पुरेसे आहे: “गाडी क्रमांक अमुक, आज सकाळी दहा वाजता आपल्याकडे ऑइल बदलणे व ब्रेक साफ करणे यासाठी दिली आहे, किलोमीटर इतके, डाव्या मागच्या दारावर एक जुना चरा आहे, बाकी बॉडी स्वच्छ आहे.” मिस्त्रीने त्यावर नुसते “ठीक” लिहिले, तरी ताबा आणि स्थिती या दोन्ही गोष्टींची नोंद झाली. ओळखीच्या माणसाशी असे लेखी वागणे अवघड वाटते हे खरे, पण याच नोंदीमुळे मिस्त्रीवर खोटा आळही येत नाही, हे त्याला मोकळेपणाने सांगावे.

गाडी परत घेताना काय पाहावे

गाडी अंधार पडल्यावर ताब्यात घेऊ नये. घ्यावीच लागली, तर बिलाच्या प्रतीवर “उजेडात तपासणी बाकी” असे लिहून द्यावे. बाहेरची फेरी सर्वजण मारतात. सर्व्हिसिंगमधील महागडी इजा मात्र बहुधा खालच्या बाजूला किंवा बोनेटखाली असते आणि ती त्या दिवशी दिसत नाही.

चेंबरच्या बोल्टचे उदाहरण घ्यावे. इंजिनच्या तळाशी ऑइल साठवणारे जे भांडे असते, त्याला मिस्त्री चेंबर म्हणतात. अनेक गाड्यांत ते ॲल्युमिनियमचे असते, तर जुने ऑइल सोडण्यासाठी त्याला बसवलेला बोल्ट पोलादी असतो. ठरलेल्या जोराने न आवळता लांब दांड्याचा पाना किंवा हवेची गन लावली, की पोलाद टिकते आणि चेंबरचे मऊ आटे सोलवटून निघतात. ते लक्षात येताच चेंबर बदलण्याऐवजी किंवा नवे आटे बसवण्याऐवजी बोल्टला टेफ्लॉन टेप गुंडाळली जाते किंवा वरून सील लिंपले जाते, आणि गाडी कोरडी दिसत असताना मालकाच्या हाती सोपवली जाते. पुढे इंजिनची उष्णता आणि रस्त्याचे हादरे यांनी बोल्ट ढिला पडतो, ऑइल थेंबाथेंबाने उतरते, डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागतो आणि तशीच गाडी पुढे रेटली तर बेअरिंग जळून इंजिन सीज होते. म्हणून सर्व्हिसिंगनंतरच्या पहिल्या रात्री गाडीखाली जुने पुठ्ठे पसरून ठेवावेत, सकाळी त्यांवर डाग आहे का ते पाहावे, आणि सपाट जागी थंड इंजिनवर ऑइलची पट्टी काढून पातळीचा फोटो घ्यावा.

जॅकच्या चुकीचेही असेच असते. गाडी उचलण्यासाठी दारांखालच्या कडेला ठराविक मजबूत जागा दिलेल्या असतात. ट्रॉली जॅक त्याऐवजी लगतच्या पत्र्याला लावला, तर कड आत दुमडते, रंग तडकतो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथून गंज सुरू होतो. उभ्याने पाहून हे दिसत नाही, त्यासाठी खाली वाकून दारांच्या तळाच्या कडेवर बोट फिरवावे लागते. याशिवाय पुढील गोष्टी तिथल्या तिथे पाहून घ्याव्यात:

- चाकांचे सर्व नट जागेवर आहेत का. ते पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासून घेणेही आवश्यक असते.
- किलोमीटर आणि इंधन यांतील फरक ट्रायलच्या मानाने योग्य आहे का. महामार्गावरील टोलनाक्यावर फास्टॅगचे पैसे कापल्याचा संदेश त्या वेळात आला असेल, तर तो जपून ठेवावा.
- डॅशबोर्डवर नवा दिवा लागलेला आहे का. इंजिन उच्च दाबाच्या पाण्याने धुतल्यास कनेक्टरमध्ये ओल शिरून असे दिवे लागू शकतात.
- बदललेले जुने सुटे भाग परत दिले आहेत का.

नुकसान दिसल्यावर पहिले चोवीस तास

गाडी आवारातच असताना इजा दिसली, तर ती हलवण्यापूर्वी फोटो काढावेत, पर्यवेक्षकाला किंवा मालकाला बोलावून दाखवावी आणि जॉब कार्डावर लिहून घ्यावी. ते लिहायला तयार नसतील, तर तिथूनच त्यांच्या क्रमांकावर फोटोसह संदेश पाठवावा. घरी आल्यावर इजा दिसली, तर त्याच दिवशी कळवावे, कारण प्रत्येक उलटलेल्या दिवसागणिक “नंतर कुठेतरी लागले असेल” या उत्तराला बळ मिळते.

यांत्रिक बिघाड असेल तर गाडी चालवू नये. लाल दिवा लागलेला असताना “शहागडपर्यंत तर जाईल” असे म्हणून गाडी पुढे दामटण्याने दोन नुकसाने होतात: पहिले इंजिनचे आणि दुसरे हक्काचे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७३ नुसार भरपाई ठरवताना, नुकसान टाळण्यासाठी उपलब्ध असलेले उपाय तक्रारदाराने केले का, हेही विचारात घेतले जाते. गाडी टोचन करून न्यावी आणि टोचनची पावती ठेवावी, कारण तो खर्चही मागता येतो.

बिघडलेला भाग दुसऱ्या गॅरेजमध्ये लगेच उघडून दुरुस्त करण्याचा मोह आवरावा. आधी पहिल्या गॅरेजला पाहणीसाठी लेखी बोलावून दोन-तीन दिवसांची मुदत द्यावी. ते आले नाहीत, तर दुसऱ्या वर्कशॉपकडून किंवा परवानाधारक सर्व्हेअरकडून बिघाडाचे कारण स्पष्ट सांगणारा लेखी अहवाल घ्यावा आणि त्यानंतरच दुरुस्ती करावी. अहवालात “इंजिन सीज आहे” एवढेच असून भागत नाही. “ड्रेन बोल्टचे आटे निघालेले, त्यावर टेप गुंडाळलेली, त्या जागेतून ऑइल गळून पातळी संपल्याने इंजिन सीज” असा कार्यकारणसंबंध त्यात असावा लागतो. काढलेला बोल्ट, वॉशर, फिल्टर पिशवीत घालून, तारीख लिहून जपावेत, कारण गरज पडल्यास ग्राहक आयोग वस्तू तपासणीसाठी पाठवू शकतो.

बिल भरावे की अडवावे

बिल भरण्यास सरळ नकार दिल्यास गॅरेज गाडी अडवू शकते, आणि करार अधिनियमाच्या कलम १७० ने त्याला तसा अधिकारही दिला आहे. श्रम किंवा कौशल्य लावून एखाद्या वस्तूवर काम केलेल्या व्यक्तीला, त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवण्याचा हा जो हक्क, त्याला धारणाधिकार म्हणतात. तो केवळ त्या कामाच्या मोबदल्यापुरता असतो, दुसऱ्या जुन्या येण्यासाठी किंवा तक्रार मागे घ्यायला लावण्यासाठी नसतो. गाडी महिनाभर धूळ खात पडण्यापेक्षा बिल भरावे आणि बिलाच्या दोन्ही प्रतींवर “उजव्या दाराच्या नुकसानीबाबतची हरकत राखून रक्कम अदा” असे लिहून सही करावी, हा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे. पैसे फोनवरून पाठवताना शेऱ्याच्या जागीही तसे लिहिता येते. याउलट “काम पूर्ण समाधानकारक” असे छापलेल्या ओळीखाली न वाचता केलेली सही पुढे फार अडचणीची ठरते.

पक्के बिल मिळत नसेल, तर हाताने लिहिलेली, सही असलेली पावती घ्यावी. ती नसली तरी खात्यातून गेलेल्या रकमेची नोंद व्यवहार दाखवण्यास उपयोगी पडते.

“गाडी मालकाच्या जोखमीवर” या ओळीचा अर्थ

अनेक गॅरेजच्या भिंतीवर किंवा जॉब कार्डाच्या मागे गाडी मालकाच्या जोखमीवर ठेवली जाईल असे छापलेले असते आणि ते वाचून बरेच जण तक्रारीचा विचारच सोडून देतात. तो सोडण्याचे कारण नाही. एका व्यक्तीने काही हेतूसाठी, काम झाल्यावर परत मिळावी या बोलीवर, आपली वस्तू दुसऱ्याच्या स्वाधीन करणे, याला करार अधिनियमाच्या कलम १४८ मध्ये निक्षेप म्हटले आहे, आणि सर्व्हिसिंगला दिलेली गाडी हे त्याचे सरळ उदाहरण आहे. कलम १५१ नुसार, सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी काळजी ताबा घेणाऱ्याने घ्यावीच लागते.

सर्वोच्च न्यायालयाने १४ नोव्हेंबर २०१९ रोजी दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलच्या प्रकरणात दिलेला निर्णय या बाबतीत फार उपयोगी आहे. ऑगस्ट १९९८ मध्ये एका पाहुण्याने हॉटेलच्या सेवकाकडे पार्किंगसाठी किल्ली देऊन सोपवलेली मारुती झेन तिथून चोरीस गेली होती, आणि पार्किंगच्या चिठ्ठीवर गाडी मालकाच्या जोखमीवर असल्याचे छापलेले होते. ताबा दिल्याचे सिद्ध झाले आणि वस्तू परत मिळाली नाही, की नुकसान आपल्या निष्काळजीपणामुळे झाले नाही हे दाखवण्याचा भार प्रथमदर्शनी ताबा घेणाऱ्यावर येतो, आणि स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी अशा छापील ओळीने टाळता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. खटला हॉटेलचा असला, तरी किल्ली हाती घेऊन गाडी सांभाळण्याचे तत्त्व गॅरेजलाही लागू पडते. मात्र गॅरेजला बचावाची जागाच नाही असे समजू नये. गंजून जाम झालेला जुना बोल्ट नीट काळजी घेऊनही तुटू शकतो, आणि तशी कल्पना मिस्त्रीने काम सुरू करण्यापूर्वी दिली असेल, तर त्याला दोष देणे न्याय्य ठरणार नाही.

तडजोड लेखी असावी

बहुतेक प्रकरणे आयोगापर्यंत जाऊ नयेत, हेच दोघांच्या हिताचे आहे. लहान गॅरेजच्या मालकाची उपजीविका त्याच्या नावावर चालते आणि मान राखून मांडलेली मागणी तो बहुधा मान्य करतो. पण तडजोडीत पुढील बाबी कागदावर याव्यात: दुरुस्ती कोण करणार, डेंटिंग-पेंटिंग एका पॅनेलचे की अर्धवट टच-अप, सुटे भाग कंपनीचे की बाजारातील, काम कोणत्या तारखेपर्यंत, आणि तोच दोष पुन्हा आला तर काय. रंगाचे काम त्याच गॅरेजला देण्यास हरकत नाही, मात्र ज्याच्या हातून इंजिन गेले त्याच्याच हाती ते पुन्हा उघडायला देणे योग्य नाही, तिथे दुसऱ्या वर्कशॉपचा खर्च मागावा.

तडजोड होत नसेल, तर नोंदणीकृत टपालाने किंवा ईमेलने नोटीस पाठवावी. ती वकिलामार्फतच हवी असे नाही. मजकूर साधारण असा असावा: “दिनांक अमुक रोजी जॉब कार्ड क्रमांक अमुक अन्वये सर्व्हिसिंगसाठी आपल्या ताब्यात दिलेली माझी मोटार दिनांक अमुक रोजी परत घेतली असता पुढील नुकसान आढळले. ताब्यात देतेवेळी हे नुकसान नव्हते, याची चित्रफीत उपलब्ध आहे. दुरुस्तीचा अंदाजे खर्च सोबतच्या अंदाजपत्रकाप्रमाणे आहे. ही रक्कम पंधरा दिवसांत द्यावी, अन्यथा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.” अधिकृत वर्कशॉप असल्यास याची प्रत गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक विभागालाही द्यावी. वर्कशॉप हा स्वतंत्र व्यवसाय आहे असे सांगून कंपनी बहुधा हात झटकते, तरी तिच्याकडे झालेली नोंद वर्कशॉपवर दबाव आणते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतूनही तक्रार नोंदवता येते. ती हेल्पलाइन निवाडा देत नाही, समोरच्या पक्षाकडे पाठपुरावा करते.

विमा कुठे उपयोगी, कुठे नाही

ऑइल गळून इंजिन सीज होणे हा यांत्रिक बिघाड आहे, आणि खासगी मोटारीच्या प्रचलित पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेला असल्याने तिथे गॅरेजशिवाय दुसरा आधार नसतो. ट्रायलच्या वेळी झालेला अपघात वेगळा, तो विमा कंपनीला तात्काळ कळवावा. मात्र वाहन-व्यवसायासाठीचा वापर पॉलिसीत वगळलेला असतो आणि कंपनी त्या अटीकडे बोट दाखवू शकते. दावा मंजूर झाला तरी २० ते ५० टक्क्यांपर्यंत साचलेला नो क्लेम बोनस जातो, म्हणून लहान पोच्यासाठी विम्याकडे न जाता गॅरेजकडूनच खर्च घेणे परवडते. विमा कंपनीने भरपाई दिली, तर ती मालकाच्या जागी उभी राहून गॅरेजकडून वसुली करू शकते. हॉटेलच्या वरील प्रकरणातही पाहुण्याला आधी विमा कंपनीने पैसे दिले होते.

ट्रायलवर एखादी व्यक्ती जखमी झाली असेल, तर प्रकरण पोलिसांचे आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचे होते. परवाना नसलेल्या हेल्परला गाडी चालवू देणाऱ्या मालकावरही मोटार वाहन अधिनियमाखाली कारवाई होऊ शकते, म्हणून गाडी कोण चालवणार हे किल्ली देतानाच विचारावे. केवळ निष्काळजीपणाने पडलेल्या चऱ्यासाठी पोलीस ठाण्यात जाण्याचा उपयोग नसतो. चांगला भाग काढून जुना बसवला किंवा वस्तू गहाळ केली, तर मात्र तो फौजदारी विश्वासघाताचा विषय ठरू शकतो.

ग्राहक आयोगाचा मार्ग

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. कामाच्या दर्जातील किंवा पद्धतीतील उणीव, ज्यात निष्काळजीपणाने केलेले नुकसानही येते, तिला या कायद्यात सेवेतील त्रुटी म्हणतात. अंकुशनगरच्या रहिवाशांना कलम ३४ मधील एक बदल फार मोलाचा आहे. आता तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करता येते. गोदावरी ओलांडून गेवराईला किंवा बीडला सर्व्हिसिंग केलेले असले, तरी तक्रार जालना जिल्हा आयोगाकडे दाखल होऊ शकते.

- अधिकारमर्यादा: ती भरपाईच्या मागणीवर नाही, सेवेसाठी दिलेल्या मोबदल्यावर ठरते. मोबदला ५० लाखांपर्यंत असल्यास जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. सहा हजारांच्या सर्व्हिसिंगमध्ये दीड लाखाचे इंजिन गेले, तरी तक्रार विनाशुल्कच राहते.
- मुदत: कलम ६९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. गॅरेजशी चाललेल्या बोलण्यांत ही मुदत संपू देऊ नये.
- दाखल करण्याची पद्धत: प्रत्यक्ष किंवा ‘ई-जागृती’ पोर्टलवर. वकील बंधनकारक नाही. विधि सेवा हवी असल्यास १५१०० या क्रमांकावर विचारणा करता येते.

पैसे न घेता काम करून देणाऱ्या ओळखीच्या मिस्त्रीविरुद्ध हा कायदा चालत नाही, कारण विनामोबदला सेवा त्याच्या बाहेर आहे. निक्षेपाची जबाबदारी मात्र तिथेही कायम असते आणि दाद दिवाणी न्यायालयात मागावी लागते. नव्या गाडीची ‘फ्री’ सर्व्हिसिंग यात मोडत नाही असे म्हणण्यास जागा आहे, कारण तिचा मोबदला गाडीच्या किमतीतच घेतलेला असतो. भाड्याने चालणाऱ्या गाडीबाबत समोरचा पक्ष व्यापारी हेतूची हरकत घेतो, म्हणून ती स्वतः चालवून उपजीविका होत असल्यास तसे तक्रारीत स्पष्ट लिहावे.

मागणीत दुरुस्ती, टोचन, पर्यायी वाहनाचा पावत्यांसह खर्च, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च हे सर्व येऊ शकते, पण फुगवलेला आकडा खऱ्या नुकसानीवरचा विश्वासही कमी करतो. समोरच्या पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. वस्तूची तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत आणि लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो, प्रत्यक्षात यापेक्षा अधिक काळ धरून चालावे. निकालाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. आदेश होऊनही गॅरेजने रक्कम दिली नाही, तर कलम ७१ खाली वसुलीचा आणि कलम ७२ खाली शिक्षेचा अर्ज त्याच आयोगाकडे करता येतो. या शिक्षेत एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा २५ हजार ते एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. अपिलाचे ४५ दिवस उलटताच हा अर्ज द्यावा आणि तोवर पिशवीतला बोल्ट व फोनमधली मूळ चित्रफीत दोन्ही सांभाळून ठेवावीत.